भूत दिसलं आणि भीती गेली: 'द हॉन्टिंग' का फसला?

१९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेत महिन्याभराच्या आत तीन भयपट प्रदर्शित झाले. पहिला 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. नवख्या मंडळींनी हातातल्या कॅमेऱ्यांवर, जंगलात जाऊन केलेला. त्याच्या मूळ चित्रीकरणाला लाखभर डॉलरही लागले नव्हते. दुसरा 'द हॉन्टिंग', खर्च सुमारे ८ कोटी डॉलर. तिसरा मनोज नाइट श्यामलनचा 'द सिक्स्थ सेन्स'. पंचवीस वर्षं उलटून गेली, पहिला आणि तिसरा अजून लोकांच्या बोलण्यात आहेत. मधल्याचं नाव निघतं ते बहुतेक वेळा फसलेल्या रूपांतराचं उदाहरण म्हणून.

नवल याचं वाटतं की तिघांत सगळ्यात भक्कम पाया या मधल्याचाच होता. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची १९५९ सालची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' ही कादंबरी त्याच्यामागे होती. झपाटलेल्या घरांवर इंग्रजीत जे काही लिहिलं गेलं, त्यात ही कादंबरी फार वरच्या रांगेत बसते. दिग्दर्शक यान द बॉन्ट, ज्याने 'स्पीड' आणि 'ट्विस्टर' केले होते. लियम नीसन, कॅथरिन झीटा-जोन्स, ओवेन विल्सन, लिली टेलर असे कलाकार. संगीत जेरी गोल्डस्मिथचं. तरीही सिनेमा आला आणि वर्षातल्या वाईट कामांसाठी दिल्या जाणाऱ्या 'रॅझी' पुरस्कारांची पाच नामांकनं घेऊन गेला.

गाजलेली भयकथा पडद्यावर येते आणि पुस्तक वाचलेली माणसं हळहळत थिएटरबाहेर पडतात, हे अधूनमधून घडतच असतं. त्यामागचं कारण या एका उदाहरणावरून फार स्वच्छ दिसतं, कारण याच कादंबरीवर १९६३ साली 'द हॉन्टिंग' याच नावाचा एक सिनेमा निघाला होता आणि तो आजही अंगावर काटा आणतो. कादंबरी एक, घर एक, पात्रंही तीच. एक सिनेमा घाबरवतो, दुसरा नाही. फरक नेमका कुठे पडला, ते पाहू. (पुढे कादंबरीचा आणि दोन्ही सिनेमांचा शेवट सांगितला आहे. ज्यांना आधी वाचायची आहे त्यांनी खुशाल इथे थांबावं.)

आधी मूळ गोष्ट

डॉ. मॉन्टेग्यू नावाच्या एका अभ्यासकाला भुताखेतांचा शास्त्रशुद्ध शोध घ्यायचा आहे. त्यासाठी तो हिल हाउस नावाचं बदनाम घर उन्हाळ्यापुरतं भाड्याने घेतो आणि पूर्वी काही विचित्र अनुभव आलेल्या माणसांना तिथे राहायला बोलावतो. त्यातल्या दोघीच येतात: एलेनॉर आणि थिओडोरा. शिवाय घराचा भावी वारस ल्यूक. एवढीच माणसं.

एलेनॉर बत्तीस वर्षांची आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करण्यात तिची अकरा वर्षं गेली. आई नुकतीच वारली आहे. एलेनॉर आता बहिणीच्या घरी राहते, तिथे तिला कोणी विचारत नाही. गाडीतसुद्धा तिचा निम्मा वाटा आहे, पण ती चालवायची तर बहिणीची परवानगी लागते. एक दिवस ती न विचारताच गाडी काढते आणि हिल हाउसची वाट धरते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला नावाने बोलावणं धाडलं आहे.

कादंबरीतला एक तपशील फार महत्त्वाचा. आई रात्री काही लागलं की भिंतीवर ठोकून एलेनॉरला हाक मारायची. ज्या रात्री ती गेली त्या रात्रीही तिने ठोकलं होतं. एलेनॉरला जाग आली नाही. किंवा आली, आणि ती पुन्हा झोपली. तिचं तिलाच नक्की सांगता येत नाही.

आणि हिल हाउसमध्ये रात्री पहिल्यांदा जे घडतं ते काय, तर दारांवर, भिंतींवर धाड धाड ठोकल्याचा आवाज. अर्धवट झोपेत एलेनॉर म्हणते, आले गं आई.

जॅक्सनची ताकद इथे कळते. तो आवाज थिओडोरालाही ऐकू येतो, म्हणजे हा नुसता एलेनॉरच्या मनाचा खेळ नाही. पण आवाज असा आहे की तो एलेनॉरच्याच छातीत जाऊन रुततो. लहानपणी वडील गेल्यानंतर त्यांच्या घरावर तीन दिवस दगड पडत होते, हेही आपल्याला आधी सांगितलेलं असतं. मग हे ठोकणं घर करतंय, की एलेनॉरच्या आतलं काहीतरी करतंय? कादंबरी संपते तरी याचं उत्तर मिळत नाही.

दचकणं वेगळं, घाबरणं वेगळं

भयपटांबद्दल बोलताना आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. अचानक मोठा आवाज झाला, पडद्यावर एकदम चेहरा आला, की आपण खुर्चीत उडतो. याला सिनेमावाले 'जम्प स्केअर' म्हणतात, आपण दचका म्हणू. दचकणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूच्या अगदी खालच्या भागातून ती सुटते, विचाराला तिथे जागाच नसते. म्हणूनच कुठल्याही सिनेमाला ती साधते, त्यासाठी गोष्ट चांगली असावी लागत नाही. पण तिला एक मर्यादा आहे. तोच धक्का पुन्हा पुन्हा दिला की शरीर त्याला सरावतं. पाचव्या-सहाव्या वेळी आपण आधीच सावरून बसलेलो असतो.

घाबरण्याचा मामला वेगळा. त्यात वेळ लागतो, कल्पना लागते, आणि मुख्य म्हणजे काहीतरी न कळलेलं लागतं. लोडशेडिंगच्या रात्री स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज होतो. आपण अंथरुणात ताठ होऊन ऐकत राहतो. उठून बॅटरी मारली आणि ओट्यावर मांजर दिसलं की भीती जागच्या जागी संपते. समजा मांजराऐवजी चोर दिसला, तरीही ती भीती उरत नाही. धोका वाढला, पण आता काय करायचं हा प्रश्न आला. ओरडायचं, काठी घ्यायची, शेजाऱ्यांना उठवायचं. अंधारात ऐकत पडलो होतो तेव्हा मात्र करण्यासारखं काहीच नव्हतं.

चांगली भयकथा वाचकाला त्या बॅटरी लावण्याच्या आधीच्या क्षणात शक्य तितका वेळ ठेवते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हे निराळं समजावून सांगायची गरज नाही. त्याने ते अनुभवलेलं आहे.

साहित्याच्या अभ्यासात यासाठी एक विचार मांडला गेला आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह या बल्गेरियात जन्मलेल्या फ्रेंच समीक्षकाने १९७० साली अद्भुत साहित्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गोष्टीत काहीतरी अशक्य घडतं, तेव्हा वाचकापुढे दोन वाटा असतात. एक, हा भास आहे, जगाचे नियम शाबूत आहेत. दोन, हे खरंच घडलं, म्हणजे जगाचे नियम आपल्याला वाटले तसे नाहीत. या दोन वाटांच्या फाट्यावर वाचक जोवर अडखळलेला असतो, तोवरच त्या गोष्टीची खरी जादू टिकते. तो कुठल्याही एका वाटेला लागला, की गोष्ट दुसऱ्या जातीची होते. या अडखळण्याला आपण पुढे 'संदिग्धता' म्हणू. लेखात जड शब्द एवढा एकच.

१९६३: दार फुगतं, आत कोणी येत नाही

पहिल्या सिनेमाचा दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. 'वेस्ट साइड स्टोरी' आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' या दोन झगमगीत संगीतपटांच्या मधोमध त्याने हा कृष्णधवल भयपट केला. खर्च साधारण ११ लाख डॉलर, तोही इंग्लंडमध्ये चित्रीकरण करून भागवलेला. वाइज मुळात संकलक होता, 'सिटिझन केन' त्याने संकलित केला होता. दिग्दर्शनाची पहिली संधी त्याला १९४४ मध्ये व्हॅल ल्यूटन या निर्मात्याने दिली. हा ल्यूटन अगदी कमी पैशांत भयपट काढायचा. राक्षस दाखवायला पैसा नसायचा, म्हणून सावली, पावलांचा आवाज आणि अंधार यांवर काम काढायचा. वाइज त्या शाळेत शिकला, आणि पुढे पैसा हातात आला तरी ते शिक्षण विसरला नाही.

कादंबरीतलं हिल हाउस मुद्दाम तिरकं बांधलेलं आहे. प्रत्येक कोन काटकोनापेक्षा किंचित चुकलेला. एकेक फरक डोळ्यांना जाणवणार नाही इतका बारीक, पण सगळ्या घराचा मिळून तोल गेलेला. दारं आपोआप मिटतात, माणसं आपल्याच खोलीचा रस्ता चुकतात. हे पडद्यावर कसं आणायचं? वाइजने पॅनाव्हिजन कंपनीकडे रुंद कोनाची भिंग मागितली. त्यांच्याकडे ३० मिलिमीटरची एक भिंग होती, पण ती अजून तयार नव्हती, तिच्यात चित्र वाकडं दिसायचं. वाइजला तेच हवं होतं. भिंग सदोष आहे हे मला माहीत आहे, असं लिहून देऊन त्याने ती घेतली. त्यामुळे या सिनेमात भिंती किंचित आत झुकतात, छत अंगावर येतं, आणि प्रेक्षकाला बोट ठेवून सांगता येत नाही की नक्की काय खटकतंय. घराचा बाहेरचा भाग त्याने इन्फ्रारेड फिल्मवर टिपला, म्हणून त्या दगडांना एक मेलेला रंग आला.

आता एक प्रसंग जवळून पाहू. रात्र. एलेनॉर आणि थिओडोरा एकाच खोलीत झोपल्या आहेत. भिंतीपलीकडून पुरुषाचं पुटपुटणं ऐकू येतं, शब्द लागत नाहीत. मग लहान मुलाचं रडणं. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवर जातो आणि तिथेच थांबतो. उजेड-सावलीमुळे त्या वेलबुट्टीत डोळे आणि तोंड असल्यासारखं वाटू लागतं. नक्षी हलत नाही. तिला काहीही केलेलं नाही. आपणच तिच्यात चेहरा बघतो. एलेनॉर मनातल्या मनात बोलते आहे: थिओ, माझा हात घट्ट धर. हात आवळला जातो, इतका की दुखायला लागतं. शेवटी पोराला कोणी छळतंय हे सहन न होऊन ती ओरडते. दिवा लागतो. थिओडोरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या अंथरुणात, नुकतीच जागी होते आहे. एलेनॉर आपल्या हाताकडे बघते. मग मी हात कुणाचा धरला होता?

या प्रसंगात पडद्यावर काय दिसलं? एक भिंत, एका बाईचा चेहरा आणि तिचा रिकामा हात. एलेनॉर झालेल्या ज्यूली हॅरिसच्या चेहऱ्यावर तो क्षण पाहिला की पुढे बराच काळ रात्री पांघरुणाबाहेर हात काढवत नाही. मी हे अतिशयोक्तीने म्हणत नाही.

दुसरा गाजलेला क्षण दाराचा. सगळे खाली एका खोलीत बसले आहेत, बाहेरून ठोकल्याचे आवाज जवळ येतात, आणि जाडजूड लाकडी दार आतल्या बाजूला फुगायला लागतं. श्वास घेतल्यासारखं. मग पुन्हा सरळ होतं. ही करामत करायला पलीकडून दार रेटण्याइतकंच काम होतं. दार उघडत नाही. आत कोणी येत नाही. पलीकडे काय होतं ते सिनेमा संपेपर्यंत कळत नाही.

दचका इथेही आहे बरं का. लोखंडी गोल जिन्याच्या टोकाला एलेनॉर पोचते आणि वरचं झडपेचं दार उघडून एकदम एक चेहरा येतो. तो डॉक्टरच्या बायकोचा असतो, जिवंत बाईचा. पण तोवर सिनेमा संपत आलेला असतो. एवढा वेळ राखून ठेवलेला दचका, म्हणून कामाला येतो.

१९९९: सगळं सांगून टाकलं

यान द बॉन्टच्या सिनेमात घर भव्य आहे. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला एक अवाढव्य घुमट आहे, जिथे 'स्प्रूस गूस' हे प्रचंड विमान ठेवलेलं असायचं. त्या घुमटात आतले सेट उभारले. कोरीव छतं, पाण्यातून पायवाट असलेली दालनं, आरशांची फिरती खोली. हे काम खरोखर देखणं आहे, आणि रॉजर ईबर्टसारख्या मोठ्या समीक्षकाने त्यासाठी सिनेमाची बाजूही घेतली होती. सुरुवातीचा अर्धा तास मलाही आवडतो. एलेनॉरचं काम करणारी लिली टेलर ही ताकदीची अभिनेत्री आहे, तिच्या चेहऱ्यावर तो एकटेपणा दिसतोही.

मग घर कामाला लागतं. पडद्यात आणि पांघरुणात लहान मुलांचे चेहरे उमटतात. लाकडात कोरलेली बाळं माना वळवतात. पुतळे हलतात. पलंगावरचं कोरीवकाम खाली येऊन एलेनॉरला जखडतं. भुयारासारख्या शेकोटीत एकाचं मुंडकं उडतं. शेवटी घराचा मूळ मालक ह्यू क्रेन धुराचा राक्षस होऊन चित्रातून बाहेर येतो.

दिसण्यापेक्षा घात केला तो स्पष्टीकरणाने. कादंबरीतला ह्यू क्रेन हा ऐंशी वर्षांपूर्वी हे घर बांधणारा एक कर्मठ, उदास माणूस आहे, त्याच्या बायका अकाली गेल्या, मुलींची आपसांत भांडणं झाली, एवढंच. सिनेमात तो कापडगिरणीचा मालक होतो, गिरणीत राबणाऱ्या पोरांचा त्याने जीव घेतलेला असतो, त्या पोरांचे आत्मे घरात अडकलेले असतात. आणि एलेनॉर? ती क्रेनच्या दुसऱ्या बायकोची वंशज निघते. म्हणजे तिचं इथे येणं ठरलेलंच होतं, आणि तिचं काम काय तर पोरांना सोडवणं. ती क्रेनला सामोरी जाते, तो दाराच्या कोरीवकामात ओढला जातो, पोरांचे आत्मे मुक्त होतात, तीही त्यांच्याबरोबर वर जाते.

हे ऐकल्यावर मनात एकही प्रश्न उरतो का? खलनायक कोण ते कळलं, त्याने काय केलं ते कळलं, त्याला कसं हरवायचं तेही कळलं. तोदोरोव्हच्या भाषेत आपण फाट्यावर थांबलोच नाही, मधल्या अर्ध्या तासातच दुसऱ्या वाटेला लागलो. तिथून पुढे हा भयपट राहत नाही, घरातल्या घरात घडणारा साहसपट होतो. द बॉन्टला साहसपट उत्तम येतो, म्हणून तो भाग वेगवान आहे. भीती मात्र त्यात नाही.

खरं नुकसान एलेनॉरचं

माझी या सिनेमावरची खरी तक्रार इथे आहे.

कादंबरीत एक दिवस भिंतीवर खडूने लिहिलेलं सापडतं की एलेनॉरला घरी यायला मदत करा. कुणी लिहिलं? एलेनॉर म्हणते थिओडोराने थट्टेने लिहिलं असेल. थिओडोरा म्हणते तूच लिहिलं असशील, तुला आपलं नाव बघायला आवडतं. चार माणसांतली मैत्री त्या क्षणापासून नासत जाते. घर काहीच करत नाही, फक्त एका नावाने हाक मारतं, आणि जिला आयुष्यभर कुणी हाक मारली नाही तिच्यावर त्याचा काय परिणाम होतो ते आपण बघत राहतो. एलेनॉर घाबरते, पण सुखावतेही. इतक्या सगळ्या माणसांतून या घराने मला निवडलं! वाचताना पोटात खड्डा पडतो तो या सुखावण्याने. शेवटी बाकीचे तिला तिच्याच भल्यासाठी परत पाठवायला निघतात, तेव्हा ती जायला तयार नसते. ती गाडी सुरू करते आणि फाटकाऐवजी वळणावरच्या मोठ्या झाडाकडे वळवते. अगदी शेवटच्या क्षणी तिला भान येतं, मी हे का करते आहे, हे लोक मला अडवत का नाहीत? आणि गाडी आपटते.

शर्ली जॅक्सनने एकोणिसाव्या शतकातल्या काही संशोधकांचा वृत्तांत वाचला होता, ज्यांनी एक झपाटलेलं घर भाड्याने घेऊन त्याची तपासणी केली होती. तिने पुढे सांगितलं की तो अहवाल वाचताना तिला घरापेक्षा ती माणसंच जास्त दिसत राहिली. कादंबरी तिथून सुरू झाली. म्हणजे पहिल्यापासून तिचं लक्ष भुतावर नव्हतं. अकरा वर्षं आजारी माणसाची उस्तवार करून रिकामी झालेली बाई, जिला स्वतःची म्हणून एक खोली नाही, अशी बाई कशाला भुलेल, हा तिचा प्रश्न होता. अशा बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांना ही कादंबरी वाचताना कुठल्याही भुताच्या दाखल्याची गरज पडत नाही.

१९९९ च्या सिनेमात क्रेनच्या चित्रावर एलेनॉरचं स्वागत करणारा मजकूर लिहिलेला सापडतो. मदतीची हाक गेली, स्वागत आलं. आणि सगळ्या शेवटी तिला एक पवित्र कामगिरी मिळते. पटकथाकाराला बहुधा तिला न्याय द्यायचा होता. पण तिचं बलिदान सार्थकी लावल्याने तिचं एकटेपण खोटं ठरलं. ती कुणीतरी होतीच, तिला फक्त माहीत नव्हतं, असं झालं. जॅक्सनची एलेनॉर कुणीच नव्हती, आणि तिला ते पुरेपूर माहीत होतं.

तेव्हाचं कॉम्प्युटर तंत्र कच्चं होतं, म्हणून फसला का?

हे उत्तर बरेच जण देतात. १९९९ सालची कॉम्प्युटरने काढलेली दृश्यं आज नक्कीच जुनाट दिसतात. पण समजा आजच्या तंत्राने ती बाळं आणि तो धुराचा राक्षस हुबेहूब केला, तर ठोकणारं कोण हे कळल्याशिवाय राहील का? दृश्य सुधारेल, उत्तर तेच राहील. शिवाय १९६३ चं फुगणारं दार साठ वर्षांनंतरही जुनं झालेलं नाही.

मग भूत कधी दाखवायचंच नाही का?

तसा नियम काढता येणार नाही. 'द सिक्स्थ सेन्स'मध्ये भुतं चक्क दिसतात, शेवटी एक सणसणीत उत्तरही मिळतं, तरी तो सिनेमा लोकांना धरून ठेवतो. कारण ते उत्तर अखेरच्या मिनिटांत येतं आणि आधी पाहिलेलं सगळं पुन्हा तपासायला लावतं. जुना प्रश्न मिटतो आणि त्याहून दुखरा प्रश्न उभा राहतो. शिवाय ती गोष्ट मुळातच तशी रचलेली आहे. जॅक्सनच्या गोष्टीचा सगळा भार संदिग्धतेवर आहे, तीच काढली तर बाकी फार थोडं उरतं. रूपांतर करणाऱ्याने हातातली गोष्ट कशावर उभी आहे एवढं आधी शोधायला हवं.

पुस्तकाबरहुकूमच सिनेमा काढायचा का?

नाही. १९६३ च्या सिनेमानेही बदल केले. डॉक्टरचं नाव बदललं, कादंबरीत प्लँचेट घेऊन येणारी त्याची विनोदी बायको इथे भुतांवर विश्वास नसलेली, नवऱ्याच्या नादाला वैतागलेली बाई झाली. काही बिघडलं नाही.

त्याहून मोठं उदाहरण माइक फ्लॅनॅगनच्या २०१८ सालच्या नेटफ्लिक्स मालिकेचं. दहा भाग. त्यात कथानक जवळपास सगळं नवं आहे: एकाच कुटुंबातली पाच भावंडं, लहानपणी या घरात घालवलेला उन्हाळा, आणि मोठेपणी त्याची भोगावी लागलेली फळं. कादंबरीतली नावं आणि काही प्रसंग तेवढे घेतलेले. तरीही बराच काळ ती मालिका जॅक्सनच्या जवळ राहते. कितीतरी दृश्यांत मागे, जिन्याच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या आड, कुणीतरी उभं असतं आणि कॅमेरा त्याच्याकडे लक्षही देत नाही. पात्रं बोलत राहतात. पाहणाऱ्याला शंका येते, दिसलं का मला काही? मागे नेऊन पुन्हा बघावं लागतं. संदिग्धता पात्रांच्या मनातून काढून थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत आणून ठेवली, ही नवी आणि अस्सल युक्ती होती.

पण १९९९ च्या सिनेमाने पैसे तर कमावले ना?

कमावले. पहिल्याच आठवड्याअखेरीला तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता आणि जगभरात त्याची कमाई सुमारे १७ कोटी ७० लाख डॉलरवर गेली. मोठी नावं, मोठी जाहिरात, लोक आले. याच काळात त्या जंगलातल्या नवख्या मंडळींच्या सिनेमाने सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. त्यात भूत एकदाही दिसत नाही. तंबूबाहेर आवाज येतात, सकाळी दगडांचे ढीग आणि काटक्यांच्या आकृत्या सापडतात, एवढंच. प्रेक्षकाला आता धीर राहिलेला नाही, त्याला सारखं काहीतरी दाखवत राहावं लागतं, असं निर्माते तेव्हाही म्हणत असत, आजही म्हणतात. त्याच उन्हाळ्यात त्याच प्रेक्षकाने तिकीट काढून याचं उत्तर दिलं होतं.

चांगल्या रूपांतरालाही जे झेपत नाही

कादंबरीची सुरुवात आणि शेवट जवळपास एकाच मजकुराने होतो. हिल हाउस टेकड्यांना पाठ देऊन उभं आहे, भिंती ताठ आहेत, विटा नीट बसलेल्या आहेत, आणि तिथे जे कोणी चालतं ते एकटंच चालतं. एलेनॉर मेल्यानंतर हाच मजकूर परत येतो, तेव्हा वाचकाच्या लक्षात येतं की जिला घर हवं होतं तिला तेही मिळालेलं नाही. मेल्यावरसुद्धा सोबत नाही.

फ्लॅनॅगनने मालिकेच्या शेवटी हेच वाक्य घेतलं आणि बदललं. त्याच्या हिल हाउसमध्ये चालणारे सोबत चालतात. कुटुंबाची गोष्ट होती, दहा भाग दुःख सोसलेल्या भावंडांना काहीतरी दिलासा द्यावासा वाटणं समजू शकतं, आणि अनेकांना तो शेवट आवडलाही. मला तो पटला नाही. १९९९ च्या सिनेमाने जे पुतळे आणि धूर वापरून केलं, तेच इथे फार नाजूक हाताने केलं गेलं: एलेनॉरला सोबत मिळवून दिली. वाइजने मात्र ते धाडस केलं होतं. त्याच्या सिनेमात शेवटचं वाक्य एलेनॉरच्याच आवाजात येतं, आणि तिथे चालणारे एकेकटे चालतात.